पासवर्ड चुकला असावा

संगणकाला एखादं काम जमलं नाही की त्याचा पहिला संशय मालकावर जातो. वायफाय जोडलं गेलं नाही, लगेच चौकट समोर: पासवर्ड टाका. टाकला. पुन्हा चौकट. आता एकेक अक्षर जपून, डोळे बारीक करून टाकला. पुन्हा तीच चौकट. पासवर्ड कालचाच, राउटर कालचाच, मधली भिंतही कालचीच. मग रात्रीतून बदललं कोण? यंत्राचं उत्तर तयार असतं: तुम्ही.

लिनक्सच्या संगणकांवर हा प्रकार जुनाच. पण आजवर तो इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर नाहीतर हौशी मंडळींच्या घरी घडायचा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार काढून घेतला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे गावोगावच्या सेवा केंद्रांतले आणि झेरॉक्सच्या दुकानांतले धडधाकट संगणक एका तारखेत म्हातारे ठरले. कोणी नवा घेतला, कोणी जुनाच रेटला, आणि कोणाच्या भाच्याने येऊन लिनक्स मिंट नाहीतर उबंटू टाकून दिलं. भाचा पुण्याला परत गेला. चौकट मागे राहिली.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघालं की वाटेत चितेगाव लागतं. तिथल्या एका सेवा केंद्रात ही चौकट मी पाहिली. बाहेर बाकावर ई-केवायसीसाठी आलेल्या बायका बसलेल्या, हातात आधार कार्डाच्या झेरॉक्स. आत केंद्रवाला पोरगा एकच पासवर्ड पुन्हा पुन्हा बडवत होता. बाकावरच्या एका मावशींनी आत डोकावून विचारलं, "काहून रे, तुझी बी केवायसी व्हईना का?"

तिरकस सदर लिहिणाऱ्याचं अर्धं काम मावशींनी तिथेच उरकलं. उरलेलं अर्धं असं.

*

आधी यंत्राची बाजू ऐकू. बहुतेक लिनक्स डेस्कटॉपांवर वायफायचा कारभार नेटवर्कमॅनेजर नावाचा प्रोग्राम पाहतो. रेड हॅट कंपनीने तो २००४ साली सुरू केला. हा साहेब. त्याच्या हाताखाली डब्ल्यूपीए सप्लिकंट नावाचा कारकून. राउटरशी प्रत्यक्ष बोलणी हा करतो. संगणक आणि राउटर यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. गंमत अशी की त्यात पासवर्ड कोणीच उच्चारत नाही. दोघांनाही तो ठाऊक आहे, एवढंच एकमेकांना पटवून दिलं जातं.

आता यातला एखादा निरोप हवेतच हरवला तर? रेंज कमी पडली, मध्ये लोखंडी कपाट आलं, वायफाय कार्डाच्या ड्रायव्हरला वीज वाचवण्याची हुक्की आली, राउटर तापून सुस्तावला. कारकुनाला कारण कळत नाही. तो नोंदवहीत इंग्रजीत लिहितो. मतलब असा की चार निरोपांचं जमलं नाही, पासवर्ड चुकला असावा. नीट पाहा, कारकून बिचारा 'असावा' म्हणतोय. साहेबाच्या टेबलापर्यंत जाताना त्या संशयाचा निकाल होतो, आणि तुमच्यापर्यंत येताना निकालाची नोटीस.

म्हणून नियम पहिला: कालपर्यंत चालणारा पासवर्ड आज चालेना झाला, तर तो पुन्हा टाकत बसू नका. संगणक राउटरजवळ न्या. राउटर एकदा बंद करून चालू करा. राउटरवर दोन पट्टे असतील तर २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा धरा. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो, पण भिंती आल्या की लवकर दम टाकतो. इतकं करून जोडणी झाली, तर पासवर्ड निर्दोष सुटला असं समजा. त्याची माफी मात्र कोणी मागणार नाही.

*

नियम दुसरा: साठवलेला पासवर्ड कुठे साठवलाय, ते आधी शोधा.

लिनक्समध्ये त्याच्या दोन जागा. एक, पूर्ण संगणकासाठी. ईटीसी फोल्डरमध्ये सहसा नेटवर्कमॅनेजरचं आपलं एक कपाट असतं. तिथे प्रत्येक वायफायची एकेक फाइल, आणि फाइलमध्ये पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहिलेला. घाबरू नका, ती फाइल फक्त रूटला, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकाऱ्याला वाचता येते. एखाद्या उत्साही माणसाने 'असू द्या सगळ्यांना' म्हणत परवानग्या सैल केल्या, की नेटवर्कमॅनेजर त्या फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. गुपित चारचौघांत वाचता येत असेल, तर त्याच्या लेखी ती फाइलच नाही. आधार कार्डाच्या झेरॉक्स काउंटरवर उघड्या पडू देणाऱ्या आपल्या कार्यालयांनी हा एक गुण उचलायला हरकत नाही.

दुसरी जागा, तुमच्या एकट्याच्या खात्यात, कुलपाआड. ग्नोम डेस्कटॉपवाल्यांकडे कीरिंग, केडीई डेस्कटॉपवाल्यांकडे केवॉलेट. इथे पासवर्ड कुलूपबंद असतो आणि त्या कुलपाला स्वतःचा वेगळा पासवर्ड असतो. एरवी तुम्ही लॉगिन करता तेव्हाच हे कुलूप गुपचूप उघडतं, कारण दोन्हींचा पासवर्ड एकच असतो. भाच्याने 'मावशी, दर वेळी कशाला पासवर्ड टाकतेस' म्हणत आपोआप लॉगिन चालू करून दिलं, की गाडी अडते. संगणक सुरू होतो, पण तुम्ही पासवर्ड टाकलेलाच नसतो, त्यामुळे कीरिंग बंदच. मग पडदा तुमच्याकडे कीरिंगचा पासवर्ड मागतो. तुम्ही वायफायचा टाकता. तो नाही म्हणतो. तुम्ही वायफाय बसवणाऱ्याला फोन लावता. तो 'आमच्याकडून सगळं ओके आहे' म्हणतो, आणि या एका प्रसंगी ते खरंही असतं.

दुसरा घोळ पासवर्ड बदलण्याचा. तुम्ही लॉगिनचा पासवर्ड विसरलात, भाच्याने रूट होऊन नवा करून दिला. वाड्याच्या दिंडीला नवं कुलूप लागलं, आतल्या गोदरेजच्या कपाटाची किल्ली मात्र आजीच्या कमरेलाच राहिली. कीरिंग अजून जुनाच पासवर्ड मागत राहतो, आणि तोच तर तुम्ही विसरलेला असता.

उपाय सोपे आहेत. जोडणीच्या सेटिंगमध्ये जाऊन पासवर्ड सर्व वापरकर्त्यांसाठी साठवा, म्हणजे तो कीरिंगमधून निघून त्या रूटच्या फाइलीत जाईल आणि चौकट शांत होईल. घरातल्या एकट्या संगणकाला हे पुरे. लॅपटॉप घेऊन हिंडणाऱ्याने मात्र आपोआप लॉगिनचा लाड सोडावा, कीरिंगचा आणि लॉगिनचा पासवर्ड एक करावा, आणि जुना आठवतच नसेल तर ग्नोमच्या सीहॉर्स नावाच्या प्रोग्राममधून जुना कीरिंग पुसून नवा करावा. जुन्यातली इतर गुपितंही जातील. जाऊ द्या. किल्लीच नाही, तर ती तुमची राहिलीच होती कुठे?

*

आता अंगठ्याचा विषय.

नव्या लॅपटॉपांना बोटाच्या ठशाने लॉगिन करता येतं. ग्नोमवर बोट टेकवलं, आत आलात. पण ठशातून पासवर्ड मिळत नाही, आणि कीरिंगचं कुलूप पासवर्डानेच उघडतं. म्हणून बोट दाखवून आत आलेल्या माणसाला आत पुन्हा विचारलं जातं: तुम्ही कोण? दारातल्याने ओळखलं, खोलीतल्याने ओळखलं नाही.

रेशनच्या दुकानात ज्यांचा अंगठा लागत नाही, त्यांना हे नव्याने सांगायला नको. आयुष्यभर खुरपं धरून बोटांवरच्या रेघा पुसल्या, तर यंत्र म्हणतं ओळख पटत नाही. रेघा कष्टाने गेल्या हीच खरी ओळख होती. पण ती वाचायचं बटण त्या यंत्राला नाही.

*

नावाचा मामला आणखी मजेदार. तुम्ही राउटरवर वायफायचं नाव बदललं आणि पासवर्ड तोच ठेवला. आता सगळं आपोआप जोडलं जाईल, असं तुम्हाला वाटतं. जोडलं जात नाही. संगणकाच्या लेखी हे नवं नेटवर्क, जुन्याशी काही संबंध नाही. आणि ही त्याची नुसती आडमुठी खोड नाही. डब्ल्यूपीएच्या नेहमीच्या पद्धतीत तुमचा पासवर्ड आणि वायफायचं नाव एकत्र घेऊन ४०९६ वेळा दळलं जातं, आणि त्या दळणातून खरी किल्ली निघते. नाव बदललं की पासवर्डचं अक्षरही न बदलता किल्ली बदलते.

आमच्या औरंगाबाद जिल्ह्याचं नाव सप्टेंबर २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. माणसं तीच, अक्षांश-रेखांश तेच. एखाद्या ऑनलाइन अर्जात जिल्ह्यांची यादी उघडून पाहा: कुठे नवं नाव, कुठे जुनं. यादीत मिळेल ते निवडून पुढे जाण्याची कला इथल्या प्रत्येक केंद्रवाल्याला आता अवगत आहे. निदान संगणक तरी प्रामाणिक. तो जुन्या नावाची जोडणी तशीच ठेवतो, नव्या नावाची वेगळी करतो, आणि कधी दोन्हींचा पाठलाग करत बसतो. उपाय: जोडण्यांच्या यादीत जा, मेलेली नावं पुसा, नव्या नावाने एकदाच नीट जोडा.

याच यादीत आणखी एक छुपा खोडा सापडतो. काही जोडण्या एका ठरावीक वायफाय कार्डाच्या पत्त्याला बांधलेल्या असतात. जुनं यूएसबी डोंगल मोडलं, नवं लावलं, की पासवर्ड असूनही जोडणी हलत नाही, कारण ती त्या मेलेल्या डोंगलशी एकनिष्ठ असते. सेटिंगमधला तो पत्ता पुसला की सुटली. आणि 'दर वेळी विचारा' हा पर्याय चुकून निवडलाय का, तेही बघून घ्या. दर वेळी विचारलं की काही माणसांना मानसन्मान मिळाल्यासारखं वाटतं म्हणे.

*

आणि हे खास मराठी वापरकर्त्यांसाठी. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिलाय, तुम्ही पासवर्ड टाकताय, पडद्यावर नुसते काळे ठिपके. आत काय चाललंय कळायला मार्ग नाही. वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा आणि साध्या इंग्रजी अक्षर-अंक-चिन्हांचाच लागतो. देवनागरी त्यात बसत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. राउटरला ते अजून कोणी कळवलेलं नाही. तोवर चौकटीतला डोळा दाबून पासवर्ड उघडा करून बघा. एकांतात. ठिपक्यांआड तुम्ही काय लिहीत होता ते पाहून थोडं हसूही येईल.

पासवर्डच विसरला आणि दुसऱ्या कोणाला द्यायचाय, तर नेटवर्कमॅनेजरच्या एनएमसीएलआय या आज्ञेत जोडलेल्या वायफायचा पासवर्ड दाखवण्याची सोय आहे. सोबत क्यूआर कोडही येतो. पाहुण्याने मोबाइल धरला की झालं. एवढी सोय असताना घरोघरी पासवर्ड अजून राउटरच्या पोटावरच्या चिठ्ठीवरच वाचला जातो, तोही राउटर उलटा धरून, आणि वायर निसटल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

*

हे सगळं वाचून लिनक्स म्हणजे पोरांचं खेळणं, असं कोणाला वाटलं असेल, तर ई-कोर्ट प्रकल्प आठवा. देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबंटू लिनक्स निवडलं गेलं, आणि खटल्यांच्या नोंदींची प्रणाली पुण्याच्या एनआयसीने बनवली. तुमच्या बांधाच्या भांडणाची पुढची तारीख लिनक्सच सांभाळतंय. तारीख लांबते तो दोष लिनक्सचा नाही, एवढं मी शपथेवर सांगू शकतो. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, फुकट.

आणि एक गफलत सगळ्यांची होते, ती टाळा. वायफाय वेगळं, इंटरनेट वेगळं. छत्रपती संभाजीनगरच्या पाण्यासाठी पैठण रस्त्याच्या कडेने अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी टाकली गेली, आणि खोदकाम म्हटलं की केबल तुटणं आलंच. केबल तुटली तरी वायफाय जोडलेलंच राहतं, फक्त पलीकडे जग नसतं. लिनक्स तेव्हा वायफायच्या खुणेवर प्रश्नचिन्ह दाखवतं. त्याचा अर्थ इतकाच की तुमचं-माझं ठीक आहे, पुढचं मला माहीत नाही. सवयीने आपण तेव्हाही पासवर्ड पुन्हा टाकतो. कारण बिघाड कुठलाही असो, पुरावा आपणच द्यायचा, हे आपल्या हाडीमाशी खिळलंय.

*

ते खिळवलं कोणी, हे बाकावरच्या मावशींना विचारा. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचा शासन निर्णय १८ सप्टेंबर २०२५ चा. मुदत आधी दोन महिने होती, मग वाढून ३१ डिसेंबर २०२५ झाली. महिना १५०० रुपयांसाठी स्वतःचा आधार क्रमांक, ओटीपी, मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, पुन्हा ओटीपी. साइट चालेना तर बाईने रात्री जागायचं. ओटीपी येईना तर बाईने पुन्हा यायचं. पती आणि वडील दोघंही हयात नसतील तर ओटीपी कोणाच्या मोबाइलवर यावा, हा प्रश्न शासनाला अंमळ उशिरा सुचला. मग मृत्यूच्या दाखल्यांची वेगळी वाट काढली गेली. थोडक्यात, निरोप हवेत हरवला, आणि नोंद झाली: बहीण चुकली असावी.

याच चितेगावात, औरंगाबाद-पैठण रस्त्यावर १४ किलोमीटरच्या दगडापाशी, व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचा नोंदणीकृत पत्ता. एके काळी घराघरांतल्या टीव्हीवर हे नाव होतं. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. समूहातल्या कंपन्यांवरचे मान्य झालेले दावे ६४ हजार कोटींच्या वर. २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने मंजूर केलेली बोली २,९६२ कोटींची. शंभराला पाच रुपयेही नाहीत. मंजूर करता करता खुद्द न्यायाधिकरणाने 'हे म्हणजे जवळजवळ काहीच नाही' अशा अर्थाची नोंद केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये अपिलात ती मंजुरीही रद्द झाली. हजारो कोटींची कर्जं देताना चौकट किती वेळा उघडली, मला ठाऊक नाही. पंधराशे रुपयांसाठी किती वेळा उघडते, ते बाकावर बसून मोजता येतं.

*

तरीही लिनक्सला मी माफ करतो, आणि त्याचं कारण एकच. पडद्यावर तो काहीही म्हणो, आतल्या नोंदवहीत खरं लिहून ठेवतो. नेटवर्क सापडलंच नाही, रेंज गेली, कीरिंग उघडला नाही, पासवर्ड मिळाला नाही: सगळं वेळेनिशी, सेकंदानिशी. जर्नलसीटीएल ही आज्ञा दिली की ज्याचा संगणक त्याला ते वाचता येतं. चौकटीने तुमच्यावर खापर फोडलं, तर तुम्ही नोंदवही काढून चौकटीचं तोंड बंद करू शकता.

सरकारी खिडकीपलीकडच्या कारभाराचीही अशी नोंदवही आहे, फक्त ती कोणी उघडत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला अशा अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायच्या, नाकारायच्या तर कारण लेखी द्यायचं, असं तो सांगतो. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर अपील आहे, त्याच्यावर दुसरं अपील, मग आयोग. आणि कसूर सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड.

म्हणून पुढच्या खेपेला खिडकीतून 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' असं ऐकू आलं, तर भांडू नका, आवाज चढवू नका. शांतपणे अर्ज पुढे सरकवा आणि म्हणा, "साहेब, तेवढं यावर लिहून सही-शिक्का द्या." शिक्का शोधेपर्यंत सर्व्हर बहुतेक सुरू होतो.